पंख्याचं काम

वायरमनकाका गेले आठ महिने एकच पंखा दुरुस्त करत होते आणि घरात कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. दुपारी अडीच वाजले की ते दाढीवरून एकदा हात फिरवायचे, दोन खिशांचा कामाचा शर्ट अंगात चढवायचे, वरच्या खिशात टेस्टर खोचायचे आणि चपला घालायचे. सून पाण्याची बाटली हातात द्यायची.

"निघालात कामावर?"

"निघालो. तो पंखा काही अजून मनासारखा चालत नाही."

"जपून हं बाबा. फार दगदग करू नका."

त्यांची पाठ वळली की सून शेजारणीला सांगायची, "आमच्या बाबांना एकाहत्तर पूर्ण झाली, पण अजून रोज कामावर जातात हो. घरात बसणं माहीतच नाही त्यांना." हे वाक्य जिन्यापर्यंत ऐकू यायचं. ते ऐकायला काका जिन्यात चपलेचा पट्टा नीट करत दोन मिनिटं जास्त थांबायचे, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं.

पट्ट्याचं सोडा, पण या वाक्याला काका जिवापाड जपत होते आणि त्याला कारण होतं. त्यांच्या समोरच्या घरात एक गवंडी राहायचा, त्यांच्याच वयाचा, चाळीस वर्षं भिंती उभ्या केलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी एकदा जेवताना तो सहज म्हणून गेला, "आता थकलो बुवा." झालं. दुसऱ्या दिवशी सफरचंद कापताना मुलीने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. तिसऱ्या दिवशी मुलाने शिडी कुलपात ठेवली. कान ठणठणीत असताना सगळं घर त्याच्याशी ओरडून बोलायला लागलं. आता तो दिवसभर खिडकीतल्या खुर्चीत असतो आणि केर काढायची वेळ झाली की पाय वर घेतो. काकांनी हे सगळं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मनाशी खूणगाठ बांधली होती, की 'म्हातारा' हा शब्द आपल्या तोंडून घरात पडू द्यायचा नाही.

आता तो पंखा होता कुठे, तर दोन गल्ल्या सोडून असलेल्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात. तळमजल्यावर एक लांबट दालन, हिरवं दार, दोन खिडक्या, आठ टेबलं. गल्लीतले लोक त्याला 'वेटिंग रूम' म्हणायचे. कशाची वाट बघायची खोली, ते कुणी सांगायचं नाही, पण म्हणताना जरा आवाज खाली आणायचे. काका स्वतःही काही मागे नव्हते. "तिथे माणसं बसत नाहीत रे, बसवलेली असतात," असं ते न्हाव्याकडे चारचौघांत म्हणाले होते आणि न्हाव्यासकट सगळे हसले होते.

आठ महिन्यांपूर्वी केंद्राच्या मॅडमचा फोन आला, की पंखा धड फिरत नाही, येऊन बघाल का. मॅडम पस्तिशीतल्या, शांत स्वभावाच्या. काका गेले, शिडी लावली, पंख्याला जोर देणारा तो डबीएवढा कंडेन्सर असतो ना, तो बदलला. चार मिनिटांचं काम. पंखा भिंगरीसारखा फिरायला लागला. मॅडमनी चहा दिला. शेजारच्या टेबलावर तीन माणसं पत्ते पिसत बसली होती. त्यातले एक म्हणाले, "मिस्त्री, चहा संपेपर्यंत चौथा हात धरता का?" काकांनी धरला. चहा संपला, डाव संपला, दुसरा लागला. काका घरी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते आणि बायको गेल्यानंतरच्या तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना दुपार कुठे गेली ते कळलं नव्हतं.

पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. अडीच वाजले, पाय केंद्राकडे वळले, पण आत जायचं कशाच्या नावाने? काम तर झालेलं. काका हिरव्या दारावरून तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला दारात मॅडमच उभ्या. "काय काका, काही राहिलं का?"

"नाही, म्हणजे... पंख्याचा आवाज ऐकायला आलो. जरा शंका आहे मला."

शंका आहे म्हटल्यावर शिडीवर चढणं आलं. आणि वर चढल्यावर काकांनी, चाळीस वर्षांत कुणाच्या घरी असलं काही न केलेल्या काकांनी, नवा कंडेन्सर काढून खिशात टाकला आणि जुना अर्धमेला पुन्हा जोडला. पंखा फिरत होता खरा, पण अगदी नाइलाजाने. "बघा," काका म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? याला रोज बघायला लागणार." आणि ते पत्त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले.

तेव्हापासून हा नेम. आल्या आल्या शिडीवर चढायचं, पंख्याच्या पोटात टॉर्च मारायचा, पाती पुसायची, आणि एखाद्या डॉक्टरने सांगावं तसं खाली सांगायचं, "आज जरा बरा वाटतोय. उद्या परत बघू." मग सहापर्यंत पत्ते. दारातल्या टेबलावर दोन वह्या असायच्या. एक सभासदांची, एक पाहुण्यांची. पाहुण्यांच्या वहीत नाव, वेळ आणि येण्याचं कारण लिहावं लागे. काका रोज कारण लिहायचे, 'पंखा'.

आता तुम्ही म्हणाल, माणूस लबाड. पण तिथे लबाड नव्हतं कोण? नर्सबाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्या रोज रक्तदाबाचं यंत्र घेऊन यायच्या आणि कारण लिहायच्या, 'वृद्धांची तपासणी'. तिथे स्वतःला वृद्ध म्हणवणारा एकही नसल्यामुळे त्या वृद्ध नसलेल्या सगळ्यांना रोज तपासायच्या. शिंपीदादा पडद्यांचं माप घ्यायला यायचे. खिडक्या दोन, आणि माप पाच महिने चाललेलं. दोन बहिणी यायच्या, थोरल्या ताई आणि धाकट्या ताई. थोरल्या लिहायच्या, 'धाकटीला सोडायला', आणि धाकट्या लिहायच्या, 'थोरलीला सोडायला'. मग दोघी एकमेकींना सोडून सहा वाजेपर्यंत शेजारी शेजारी बसायच्या.

सभासदांच्या वहीत नाव होतं फक्त एक, टपालमास्तरांचं, आणि तेही चुकून. पहिल्या दिवशी ते चष्मा घरी विसरले आणि भलत्या वहीत सही करून बसले. नियमाप्रमाणे सभासदांमधून अध्यक्ष निवडायचा असतो. सभासद एकच, म्हणून अध्यक्षही तेच झाले. त्यांनी केंद्र चालवणाऱ्या कार्यालयाला लेखी अर्ज केला, की माझं नाव कमी करावं, मी अजून तसा नाही. उत्तर आलं, की असे अर्ज केंद्राच्या अध्यक्षांनी मंजूर करायचे असतात. टपालमास्तरांनी जन्मभर कागद नियमाने पुढे सरकवलेला. त्यांनी स्वतःचा अर्ज स्वतःकडे घेतला, त्यावर 'विचारार्थ' असा शेरा मारला, आणि गेलं वर्षभर ते विचार करत होते.

असं सगळं झाकल्या मुठीने सुरळीत चाललं होतं. मग एका सोमवारी कार्यालयाचं पत्र आलं. मॅडमनी ते वाचून टेबलावर ठेवलं आणि त्यांचा चेहरा उतरलेला दिसला, तेव्हा टपालमास्तरांनी चष्मा लावून मोठ्यांदा वाचलं. बुधवारी तपासनीस येणार. केंद्राचे सभासद विसापेक्षा कमी निघाले, तर केंद्र बंद करून ती जागा कार्यालयाच्या जुन्या टेबल-खुर्च्या ठेवायला घेतली जाईल.

"म्हणजे जागा जुन्यांसाठीच राहील," नर्सबाई म्हणाल्या, "फक्त लाकडाच्या."

कुणी हसलं नाही. मॅडमनी सभासदांची वही उघडून मधोमध ठेवली. "आपण रोजचे बावीस जण आहोत. मास्तरांची सही आहेच. अजून एकोणीस सह्या झाल्या की प्रश्न मिटला. कोण करतं सुरुवात?"

सगळ्यांना एकाएकी आपापलं काम आठवलं. शिंपीदादांनी टेप काढली. थोरल्या ताई म्हणाल्या, "मी केली असती गं, पण मी इथे येतच नाही ना. मी हिला सोडायला येते."

"आणि मी तुला," धाकट्या म्हणाल्या.

"काका, तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

काकांच्या डोळ्यांसमोर पाय वर घेतलेला गवंडी उभा राहिला. "मी काय कामापुरता आलेला माणूस," ते म्हणाले. "पंखा झाला की मी जाणार. सभासद होऊन करू काय?"

बोलले खरे, पण नंतर खेळताना त्यांचा पत्ता चुकीचा पडला आणि सबंध डाव त्यांच्या हातून गेला. केंद्र बंद झालं तर अडीच वाजता कुठे जायचं, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी घरी जाताना वाटभर छळत राहिला. रात्रीच्या जेवणात भाजीला मीठ नव्हतं, तेही त्यांना कळलं नाही.

मंगळवारी मॅडमनीच तोडगा काढला. "सह्या नाहीत तर नाहीत. पाहुण्यांची वही दाखवते. एवढी माणसं रोज येतात म्हटल्यावर कोण कशाला बंद करेल?" सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सहीही करायला नको आणि केंद्रही वाचेल, याहून काय पाहिजे. वहीत काय काय लिहिलंय, ते उघडून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

बुधवारी सगळे वेळेआधीच हजर. प्रत्येकजण ठेवणीतले कपडे घालून आणि केस चापूनचोपून बसवून आलेला. आणि गंमत अशी, की आपण काही तसले नाही हे तपासनिसाला दिसावं म्हणून प्रत्येकाने आपापलं काम जोरात सुरू केलं. काका शिडीवर. शिंपीदादा खिडकीशी, तोंडात टाचण्या. नर्सबाईंनी मिळेल तो दंड पकडून त्याला पट्टा बांधला. काठी घेऊन येणाऱ्या दोघांनी काठ्या कपाटामागे दडवल्या आणि ते भिंतीला धरून उभे राहिले. बाहेरच्या पाटीवर 'ज्येष्ठ नागरिक केंद्र' लिहिलेलं आणि आत एखादा कारखाना चालावा तशी धांदल.

तपासनीस आले बरोबर तीनला. किरकोळ अंगाचे, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, कानामागे पेन्सिल. आवाज इतका मऊ, की रागावले तरी समोरच्याला वाटावं, चौकशी करताहेत. त्यांनी दालनभर नजर फिरवली.

"ज्येष्ठ नागरिक कुठे आहेत?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी धाकट्या ताई म्हणाल्या, "येतील. वेळ झालीच आहे."

"कोण येतील?"

"ते... येतात ते."

तपासनिसांनी पेन्सिल काढली. सभासदांची वही बघितली, एकच नाव दिसलं, तेवढा आकडा टिपून घेतला. मॅडमनी लगेच पाहुण्यांची वही पुढे केली. "ही बघा साहेब. रोजची वीस-बावीस माणसं. एक दिवस खंड नाही."

ते खुर्चीवर बसले आणि पान पान वाचायला लागले. प्रत्येक पानाला त्यांच्या भुवया थोड्या वर जायच्या आणि तिथेच राहायच्या. दहा मिनिटांनी त्यांनी वही मिटली.

"मॅडम, मी बावीस वर्षं तपासण्या करतोय. असं केंद्र पाहिलं नाही. इथे एक नर्स आहे, एक शिंपी आहे, एक वायरमन आहे. एक जण पेपर वाचून दाखवायला येतो. एक जण घड्याळाला किल्ली द्यायला येतो. दोन बायका एकमेकींना सोडायला येतात. म्हणजे सेवा देणारे एकवीस आणि सेवा घेणारा कुणी नाही."

"मी आहे की," टपालमास्तर जरा तोऱ्यात म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना सभासद असल्याचा अभिमान वाटला असावा.

"तुमचा नाव कमी करायचा अर्ज आहे ना?"

"आहे. विचाराधीन आहे."

तपासनिसांनी ते लिहून घेतलं. मग ते छताकडे बघत म्हणाले, "आणि हा पंखा. मी मोजलं. एकशे त्र्याण्णव वेळा. आठ महिन्यांत एकशे त्र्याण्णव वेळा एकाच पंख्याची दुरुस्ती. मॅडम, पंखा इतक्या वेळा बिघडत नाही. सगळ्या इमारतीचं वायरिंग खराब असलं पाहिजे. सभासदांचं नंतर बघू, पण असल्या जागेत मला माणसं बसू देता येणार नाहीत. आजच कुलूप लावावं लागेल."

शिडीवर काकांना घाम फुटला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. ज्या पंख्याने त्यांना इथे आणलं, तोच आता बावीस जणांना बाहेर काढत होता आणि याला कारण फक्त आठ महिने त्यांच्या खिशात असलेली ती नवी डबी.

तपासनीस लिहिता लिहिता पुटपुटत होते, जसं पुष्कळ लोक लिहिताना पुटपुटतात. "इमारतीचं वायरिंग धोकादायक... नेमलेला वायरमन अकुशल..."

"काय म्हणालात?" काका शिडीवरून म्हणाले.

"अकुशल. म्हणजे काम न येणारा."

"अर्थ कळतो मला."

"मग वाईट वाटून घेऊ नका. वय होतं माणसाचं. मी दुसरा वायरमन पाठवतो."

आता सांगायचं तर काकांनी या क्षणापर्यंत गप्प बसायचं ठरवलं होतं. पण चाळीस वर्षांत त्यांनी जोडलेल्या एका तारेतून कधी ठिणगी उडाली नव्हती. दवाखाने, शाळा, गिरण्या, सगळीकडे त्यांच्या हाताचे बोर्ड अजून चालू होते. आणि आता आपल्या डोळ्यांदेखत दुसरा वायरमन येऊन शिडीवर चढणार? एका बाजूला अकुशल, दुसऱ्या बाजूला म्हातारा. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर. काका शिडीवर क्षणभर उभे राहिले आणि मग त्यांना एकदम वाटलं, की म्हातारा तर आपण आहोतच. अकुशल मात्र बापजन्मात नव्हतो.

"मेन बंद करा," ते खाली म्हणाले. नर्सबाईंनी एकाला बटणाकडे पिटाळलं आणि स्वतः शिडी धरली. काकांनी खिशातून डबी काढली, जुनी उतरवली, नवी जोडली, झाकण बसवलं. "आता लावा."

पंखा असा सुटला, की शिंपीदादांचे माप लिहिलेले कागद दालनभर उडाले. कागदांवर काहीच लिहिलेलं नव्हतं, हेही त्या निमित्ताने सगळ्यांना कळलं. आठ महिने संथ वाऱ्याची सवय झालेल्या थोरल्या ताईंनी पदर कानांवरून घेतला.

तपासनिसांनी घड्याळ बघितलं. "चार मिनिटं."

"चारच लागतात," काका शिडी उतरत म्हणाले.

"मग बाकीचे एकशे ब्याण्णव दिवस काय करत होतात?"

काका खाली आले. त्यांनी हात पुसले. कुणाकडेच न बघता ते म्हणाले, "पत्ते खेळत होतो साहेब. पहिल्याच दिवशी झाला होता पंखा. मी तो मुद्दाम बिघडवून ठेवला. वायरिंगला काही झालेलं नाही, वायरिंग सोन्यासारखं आहे." मग त्यांना वाटलं, एवढं सांगितलंच आहे तर बाकीचं तरी कशाला ठेवा. "घरी सगळे चांगले आहेत. पण दुपारी तीन वाजता घर खायला उठतं हो. मी पंख्यासाठी येत नाही. या लोकांसाठी येतो. आणि वायरमन अकुशल नाही. वायरमन म्हातारा झालाय, एवढंच लिहा."

ते दारातल्या टेबलाशी गेले, सभासदांची वही ओढली आणि दोन नंबरला सही केली. वयाच्या रकान्यात एकाहत्तर लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत आलं.

मग नर्सबाई पुढे झाल्या. "सरका," त्या म्हणाल्या आणि सही केली. त्यांनी वय इतकं बारीक लिहिलं, की मॅडमना भिंग लागलं असतं. शिंपीदादांनी तोंडातल्या टाचण्या काढून सही केली. कपाटामागून दोन काठ्या बाहेर आल्या. बहिणींचं जरा अडलं.

"तू कर आधी. तू मोठी."

"मग तू माझ्याखालीच लिही वय. खरं लिही. तू सगळीकडे सांगत फिरतेस, की ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी."

"नाहीयेस का?"

"तीन."

अंतर तीनच वर्षांचं होतं, हे वहीवरून सिद्ध झालं आणि थोरल्या ताई त्या दिवशी भलत्याच खुशीत दिसल्या. शेवटी टपालमास्तरांनी आपला वर्षभराचा अर्ज काढला, त्यावर 'नामंजूर, अध्यक्ष' असं लिहून तारीख टाकली आणि तो घडी करून वहीत ठेवला.

बावीस झाले. तपासनिसांनी खिशातून खोडरबर काढलं आणि आपला अहवाल सावकाश खोडला. "म्हणून मी पेन्सिलने लिहितो," ते म्हणाले. "पंचवीसचं केंद्र आहे हे. बावीस झाले. तीनच जागा उरल्या." मग जाता जाता दारात थांबून त्यांनी मॅडमना हळूच विचारलं, "अठ्ठावन्नला घेता का हो? पुढच्या वर्षी निवृत्ती आहे माझी. घरी बसवणार नाही मला, माहितीये." मॅडम म्हणाल्या, साठला या, तोवर पाहुण्यांच्या वहीत सही करा.

सगळे हसले. पण तपासनीस निघताना एक नियम सांगून गेले आणि काकांचं हसू तिथेच विरलं. सभासदांची यादी, नाव आणि वयासकट, उद्या सकाळी दारावर बाहेरून लावायची. त्या दारावरून त्यांची सून रोज भाजीला जायची.

संध्याकाळी काका घरी आले ते मुद्दाम लांबच्या रस्त्याने. मुलगा टेबलाशी बसला होता, सून वाढत होती.

"झाला का पंखा?" तिने विचारलं.

"झाला."

"अगंबाई, म्हणजे संपलं का काम?"

"काम नव्हतंच काही," काका म्हणाले. ताटाकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. चार मिनिटं, डबी, पत्ते, वही, सही. "उद्या माझं नाव लागेल दारावर. तू बाहेरून वाचण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. कामावर जात नव्हतो मी. म्हातारा झालोय आणि म्हाताऱ्यांच्या केंद्रात जातो. तू शेजारी अभिमानाने सांगायचीस, मी ऐकत होतो सगळं."

सुनेने हातातला डाव खाली ठेवला. मुलाकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग काहीतरी ओढल्याचा.

शिडी लपवतेय, काका मनात म्हणाले. सुरुवात झाली. त्यांनी वरच्या खिशातला टेस्टर काढला आणि स्वतःच टेबलावर ठेवला. कुणी काढून घेण्यापेक्षा आपण दिलेला बरा.

सून बाहेर आली ती दोन्ही हातांनी मिक्सर धरून. मिक्सरवर इस्त्री होती आणि तिच्या बगलेतून टेबलावरच्या दिव्याची वायर लोंबत होती. तिने सगळं काकांच्या ताटाशेजारी मांडलं.

"मग आता वेळ आहे ना तुम्हाला?" ती म्हणाली. "मिक्सरचं बटण बोटाने दाबून धरावं लागतं, तेव्हा चालतो. इस्त्री एकाच बाजूने तापते. दिवा मध्येच जातो. सहा-सहा महिने झाले. म्हटलं, दिवसभर काम करून दमून येतात, घरी आल्यावर आणखी कुठे सांगायचं."

"मी म्हणत होतो बाहेर देऊ," मुलगा म्हणाला. "ही ऐकेल तर शपथ. म्हणे, घरात वायरमन असताना बाहेरच्या माणसाला दाखवायला मला लाज वाटते."

काकांनी मिक्सर पालथा केला. बराच वेळ ते त्याच्या बुडाकडे नुसते बघत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि स्क्रू दिसत नव्हते.

"माळ्यावरची ट्यूबही गेलीये," सून म्हणाली.

"त्याला शिडीवर चढावं लागेल," काका सावधपणे म्हणाले.

"मग चढा की. मी धरते. उद्या दुपारी करू या का? मी घरीच आहे."

काकांनी टेस्टर उचलून पुन्हा खिशात खोचला.

"दुपारी नको," ते म्हणाले. "सकाळी करू. दुपारी मी नसतो घरी."